पण खाली काय आहे?

कार्बन साठवायला कुठली जमीन पुन्हा रान होऊ द्यायची, याचा नकाशा करण्यासाठी उपग्रहचित्रांतून झाडं नसलेली जमीन वेगळी काढायची आणि तीच नकाशावर रंगवायची, असं कुणीतरी सुचवलंय. सुरुवात म्हणून ठीक, पण चित्रात फक्त वरचं दिसतं. कार्बन पुष्कळदा खाली, जमिनीत असतो. पीट, म्हणजे पाणथळ जागी अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे नि इतर वनस्पतींचे थर, जगाच्या जमिनीच्या जेमतेम ३ टक्क्यांवर आहे, तरी जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा जास्त कार्बन त्यात दडलाय. स्कॉटलंडच्या उत्तरेला फ्लो कंट्रीत १९८०च्या दशकात करसवलतीच्या जोरावर अशाच ‘ओसाड’ दलदलीत चर खणून सूचिपर्णी झाडं लावली गेली. पाणी उतरलं, पीटला हवा लागली आणि साठलेला कार्बन सुटायला लागला. १९८८ मध्ये ती सवलत बंद झाली. आता तिथे झाडं तोडून चर अडवतायत. (निसर्गासाठी झाडं तोडायची, हे पटकन पचत नाही खरं.)

त्यामुळे नकाशात पीटच्या खोलीचा थर हवाच, आणि तो बसल्या जागी मिळत नाही. ठरावीक अंतरावर सळई खाली टणक लागेपर्यंत दाबून मोजावं लागतं. शिवाय बर्फाळ भागात उघडा बर्फ ऊन परतवतो, पण गडद झाडी ते शोषते आणि उष्णता वाढते. तिथे शोषलेल्या कार्बनचा बराचसा फायदा त्यातच जातो. सुचवलेल्या पद्धतीत हे दोन्ही कुठे धरलेत?