मदत हवी आहे: टेस्टचे निकाल ठेवायला वेगळा सर्व्हर केलाय, पण निकाल अर्धवटच सेव्ह होतात

खटपट्या
नमस्कार मंडळी. ऑटोमेशनचे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सॉफ्टवेअर टेस्टचे, निकाल साठवायला वेगळा सर्व्हर उभा केलाय. रात्रीचा रन सुरू झाला की सुरुवातीचे निकाल नीट येतात, मग मध्येच लिहिणं बंद पडतं. सकाळी रिपोर्ट उघडावा तर अर्धा गायब. रीस्टार्ट करून झालं, परवानग्या तपासल्या, फायरवॉल बंद करून पाहिली. रिलीज तोंडावर आलंय आणि कुठली टेस्ट कधीपासून फेल होतेय हे टीमला दाखवता येत नाहीये. कुणाला असा अनुभव आहे का? जरा लवकर सांगा.

लॉगवाचक
लिहिणं बंद पडतं म्हणजे नक्की काय होतं? एरर काय येते? ओएस कुठली? निकाल फाइलींत ठेवताय की डेटाबेसमध्ये? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

पाइपलाइनकर
जेनकिन्समधून (टेस्ट आपोआप चालवणारं टूल) रिपोर्ट उघडताय ना? मग हे सीएसपीचं (पानावर काय चालू द्यायचं याच्या ब्राउझरमधल्या नियमांचं) प्रकरण आहे. २०१५च्या शेवटी जेनकिन्सने सुरक्षेसाठी एचटीएमएल रिपोर्टमधली जावास्क्रिप्ट डीफॉल्टने बंद केली. तेव्हापासून रिपोर्ट कोरे दिसतात म्हणून लोक हैराण होतात. रिपोर्ट वेगळ्या डोमेनवरून द्या.

लॉगवाचक
@पाइपलाइनकर, त्यांचा रिपोर्ट कोरा नाही, अर्धा आहे. सीएसपी आडवी आली तर काहीच दिसत नाही.

सगळं_डॉकरमध्ये
रिपोर्टपोर्टल (टेस्टचे निकाल साठवून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावा आणि मोकळे व्हा. इतिहास, आलेख, कुठलं फेल्युअर जुनंच आहे ते ओळखणं, सगळं आयतं मिळतं. सगळं एकदम सुरू करणारी एक डॉकर कंपोज फाइल, बस. आमची पूर्ण टीम त्यावर आहे.

जुनाडीबीए
एक फाइल, पण त्या फाइलीत पोस्टग्रेस डेटाबेस, निरोपांची रांग सांभाळणारं रॅबिटएमक्यू, सर्च इंजिन आणि वर आठ-दहा सर्व्हिसेस. इथे माणसाचा एक सर्व्हर धड चालत नाहीये. हे सगळं सांभाळणार कोण? निकाल म्हणजे शेवटी काय, टेस्टचं नाव, पास की फेल, वेळ आणि एरर. जेयुनिट एक्सएमएल (टेस्टचे निकाल लिहिलेली फाइल) वाचायचं, पोस्टग्रेसच्या एका टेबलात टाकायचं. त्यापुढे काही लागत नाही.

सगळं_डॉकरमध्ये
आणि स्क्रीनशॉट? ते पण टेबलात टाकणार का?

जुनाडीबीए
नाही. फाइली ऑब्जेक्ट स्टोअरमध्ये (फाइलींचं वेगळं कोठार), टेबलात फक्त पत्ता.

नवी_टेस्टर
माझ्या मते आधी फ्लेकी (कधी पास, कधी फेल होणाऱ्या) टेस्ट दुरुस्त करा. आम्ही फेल झालेल्या टेस्ट आपोआप परत चालवायला लागलो तेव्हा निम्मी कटकट संपली.

खटपट्या
टेस्ट ठीक आहेत हो, प्रश्न साठवण्याचा आहे. आणि सर्व्हर घेऊन झालाय, आता नवीन काही बसवायला वेळ नाही.
@लॉगवाचक: उबुंटू, एक्सटी४ फाइलसिस्टीम, रिपोर्टसाठी अल्युअर. प्रत्येक रनचं वेगळं फोल्डर. लॉगमध्ये 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' येतंय, पण डिस्क निम्म्याहून जास्त रिकामी आहे. डीएफ -एच (रिकामी जागा दाखवणारी कमांड) मारून स्वतः पाहिलंय. म्हणून आधी लिहिलं नव्हतं.

लॉगवाचक
हेच तर हवं होतं! आता डीएफ -आय मारा आणि काय येतं ते सांगा.

खटपट्या
आययूज १००%. हे काय आहे?

लॉगवाचक
आयनोड (डिस्कवरच्या फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपलेत. एक्सटी४ वर प्रत्येक फाइलीला एक आयनोड लागतो आणि त्यांची संख्या डिस्क फॉरमॅट करतानाच ठरते. डीफॉल्ट हिशोब १६ केबीमागे एक, म्हणजे १०० जीबीला साधारण ६५ लाख. अल्युअर प्रत्येक टेस्टची वेगळी जेसन फाइल करतो, सेटअपच्या वेगळ्या, लॉग आणि स्क्रीनशॉट वेगळे. एक-दोन केबीची फाइल डिस्कवर ४ केबीचा एक ब्लॉक घेते. अशाच फाइली जास्त असतील तर पाव डिस्क भरेपर्यंत आयनोड संपतात आणि बाकीची जागा नुसती पडून राहते.
डीयू --आयनोड्स ने कुठलं फोल्डर जड आहे ते कळेल. जुने रन टार करून (एका फाइलीत बांधून) दुसऱ्या मशीनवर पाठवा आणि मगच इथून उडवा. टारची फाइल याच डिस्कवर करू नका, तिलाही एक आयनोड लागतो आणि तुमच्याकडे तो शिल्लक नाही. आरएमला (फाइली उडवायची कमांड) स्टार देऊन 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' आलं तर फाइंड -डिलीट वापरा.

पाइपलाइनकर
एक्सटी४ ऐवजी एक्सएफएस फाइलसिस्टीम वापरा ना. त्यात आयनोड लागतील तसे तयार होतात, ही भानगडच नाही.

जुनाडीबीए
भानगड पुढे ढकलली जाते एवढंच. लाखो बारक्या फाइलींचा बॅकअप घेऊन बघा, रात्र पुरत नाही. कच्चे निकाल ठेवायचेच कशाला?

खटपट्या
कच्चे निकाल उडवले तर अल्युअरचा ट्रेंड (मागच्या रनपासूनचा आलेख) जाईल ना? मला तोच हवाय.

लॉगवाचक
नाही जाणार. अल्युअर २ असेल तर आधीच्या रिपोर्टमधलं हिस्टरी फोल्डर नव्या रनच्या निकालांच्या फोल्डरमध्ये टाका आणि मग रिपोर्ट जनरेट करा. ट्रेंड त्यातूनच येतो. पण त्यात शेवटचे मोजकेच रन दिसतात. काही महिन्यांचा माग हवा असेल तर जुनाडीबीए म्हणतात ते टेबल खरंच करा.

जुनाडीबीए
आणि करणार असाल तर पहिल्या दिवसापासून महिन्यावार पार्टिशन (टेबलाचे वेगळे तुकडे) करा. जुन्या ओळी डिलीट केल्या तरी पोस्टग्रेस ती जागा सहसा ओएसला परत देत नाही, पुढच्या ओळींसाठी राखून ठेवतो. पार्टिशन ड्रॉप केलं की जागा तिथल्या तिथे मोकळी. टेस्टच्या नावासोबत ब्रँच आणि कमिटही (कोडची कुठली आवृत्ती ते) साठवा. ते नसेल तर कधीपासून फेल होतेय याचं उत्तर टेबल देऊ शकणार नाही.

सगळं_डॉकरमध्ये
हे सगळं हाताने करण्यापेक्षा रिपोर्टपोर्टल सोपं, मी अजूनही तेच म्हणेन. तिथे किती दिवसांचं ठेवायचं ते प्रोजेक्टच्या सेटिंगमध्येच असतं.

नवी_टेस्टर
स्क्रीनशॉट फक्त फेल झालेल्या टेस्टचे घेतले तरी बऱ्याच फाइली वाचतील ना?

लॉगवाचक
@नवी_टेस्टर, बरोबर. हे आजच करण्यासारखं आहे.

खटपट्या
जुने रन टार करून हलवले, पास टेस्टचे स्क्रीनशॉट बंद केले. रात्रीचा रन पूर्ण आला, आययूज ३०% च्या खाली आहे. लॉगवाचक, मनापासून आभार. टेबलाचं काम रिलीजनंतर घेतो. जुनाडीबीए, एकच टेस्ट चार ब्राउझरवर चालते, तर चार ओळी ठेवायच्या की एक?

जुनाडीबीए
चार. ब्राउझरचा कॉलम वेगळा.