‘कृत्रिम गांजा’ला दुसरा शब्द सुचवा

जळगावकर: व्यसनमुक्तीच्या पत्रकाचा अनुवाद करतेय. ‘सिंथेटिक कॅनाबिनॉइड’ला, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेल्या गांजासारख्या नशेच्या रसायनांना, ‘कृत्रिम गांजा’ लिहिलं. शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, “म्हणजे नकलीच ना? मग कमीच चढत असेल.” तिथेच हात थांबला. गोष्ट उलटी आहे. गांजातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, मेंदूतल्या सीबी-१ ग्राहींना (ते द्रव्य जिथे जाऊन बसतं त्या जागांना) अर्धवट चेतवतं, जेडब्ल्यूएच-०१८ सारखी ही बनवलेली रसायनं पुरेपूर. भास होतात, संशय बळावतो, फिट येते, जीवही जातो.

धुळ्याचे आबा: ‘संश्लेषित’ हा पारिभाषिक शब्द आहे. तोच वापरा.

रावेर केळीवाला: आबा, ‘संश्लेषित’ आमच्या गावात कोण वाचेल? ‘रासायनिक’ लिहा. शेणखत आणि युरियाच्या जोरातला फरक आम्हाला शिकवावा लागत नाही.

धुळ्याचे आबा: टीएचसीसुद्धा रसायनच आहे, भाऊ. आणि वापरल्याशिवाय शब्द रुळत नाही. ‘महापौर’ रुळलाच ना?

भुसावळ लॅब: मुळात ‘गांजा’च काढा. १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलोरे. इथे ते झाडच नसतं. रसायन अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून कुठल्याही वाळल्या पाल्यावर फवारतात. फवारा सारखा बसत नाही. एकाच पुडीतली एक चिमूट फिकी, दुसरी जीवघेणी. लघवीची नेहमीची पट्टी टीएचसीचा अंश शोधते, त्यामुळे हे तिला सापडत नाही. त्यासाठी एलसी-एमएस ही प्रयोगशाळेतली यंत्रावरची तपासणी लागते, आणि ते रसायन तपासणीच्या यादीत असावं लागतं. ‘निगेटिव्ह’चं ‘नशा केलेली नाही’ असं कृपा करून लिहू नका. माझा मावसभाऊ रात्र रात्र दाराची कडी धरून बसायचा. रिपोर्ट निगेटिव्ह, म्हणून घरच्यांनी भगताकडे नेलं. दोन महिने गेले त्यात.

रावेर केळीवाला: ताई, ‘फवारलेला पाला’! फवारणी म्हटलं की आमच्याकडे लहान पोरगंही लांब सरकतं.

अमळनेर: आमची आजी म्हणायची, “जो गांजस तो गांजा.” ‘गांजणं’वरूनच आला असणार.

धुळ्याचे आबा: नाही. संस्कृतात ‘गञ्जा’ आहे.

अमळनेर: मग ‘सासुरवासानं गांजली’ यातलं ‘गांजणं’ कुठून आलं?

धुळ्याचे आबा: ते वेगळं. सवडीने लिहितो.

जळगावकर: पत्रक सोमवारी छपाईला जातंय. ‘निगेटिव्ह’ला ‘आढळले नाही’ लिहिलंय आणि त्याच्या आधी ‘या चाचणीत’ जोडलंय. मथळ्याची जागा अजून कोरी आहे.

अमळनेर: आबा, ‘गांजणं’चं तेवढं आजच सांगा.