सततच्या धास्तीतून बाहेर कसं यायचं? मदत हवी आहे

गेले चार-पाच महिने पहाटे तीनला जाग येते. छातीत धडधड, तळहातांना घाम, आणि डोक्यात एकच विचार: आज काहीतरी बिघडणार. बिघडत काहीच नाही. तरी फोन वाजला की पोटात गोळा येतो.

ईसीजी आणि थायरॉइड, दोन्ही नॉर्मल आले. डॉक्टरांनी समजावलं की धोका नसतानाही शरीर अॅड्रिनलिन सोडतं, म्हणून ही धडधड. त्यांनी जीएडी-७ ही चिंता मोजणारी प्रश्नावली भरून घेतली. २१ पैकी १४ गुण आले, म्हणजे मध्यम चिंता. खरं सांगते, तो आकडा बघून रडू आलं, पण हलकंही वाटलं. निदान हे माझ्या मनाचे खेळ नाहीत.

दुपारनंतरची कॉफी बंद केली, त्याने झोप थोडी सुधारली. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, हेही करते. घरी बसून जमतं. पण मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर धडधड सुरू झाली की काही म्हणजे काही सुचत नाही, आणि मला नेमकं तिथेच अडतंय. अशा वेळी तुम्ही काय करता?

डॉक्टरांनी सीबीटी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी, बोलण्यातून होणारी थेरपी) सुचवली आहे. कुणी घेतली असेल तर सांगाल का, फरक जाणवायला किती सत्रं लागली? आणि घरच्यांना हे कसं सांगितलंत? ‘जास्त विचार करू नकोस’ एवढंच ऐकायला मिळेल, या भीतीने मी अजून गप्पच आहे.