अमेरिकेचं सरकार देवाच्या नावावर उभं आहे का? कट्ट्यावर भांडण लागलंय

चरईकर

नमस्कार मंडळी. मासुंदा तलावावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या टोळक्यात सध्या एकच विषय चालू आहे. माझा नातू न्यूजर्सीत तिसरीत शिकतो. परवा व्हिडिओ कॉलवर त्यानं छातीवर हात ठेवून शाळेत म्हणतात ती प्रतिज्ञा म्हणून दाखवली. त्यात देशाचं वर्णन 'देवाच्या छत्राखालचं एक राष्ट्र' असं येतं. मी ते कौतुकानं कट्ट्यावर सांगितलं आणि ठिणगी पडली.

आमच्यातले एक निवृत्त बँकवाले म्हणाले, "बघा, त्यांना देवाचं नाव घ्यायला लाज वाटत नाही. नोटेवरसुद्धा छापतात. धर्माशिवाय राष्ट्र उभं राहत नाही." दुसरे, आयुष्यभर युनियनमध्ये काढलेले, ते उसळले. "कसला देव नि कसली समता! सगळे समान असं लिहिणाऱ्याच्या शेतावर गुलाम राबत होते. शुद्ध थोतांड!" दोघेही माझ्याकडे पाहतात, कारण अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला अडीचशे वर्षं होतात म्हणून ज्येष्ठ नागरिक संघानं मला वीस मिनिटं बोलायला सांगितलंय.

तर विचारायचं असं, की स्वातंत्र्य, समता आणि देव या तिघांना त्या लोकांनी सरकारात नेमकी कुठे जागा दिली? त्यातलं मूळचं किती, मागाहून चिकटवलेलं किती? व्हॉट्सॲपचे फॉरवर्ड पाठवू नका, ते माझ्याकडे पोत्यानं आहेत.

घोडबंदर_रोड

काका, सोपं आहे. १७७६च्या जाहीरनाम्यातच म्हटलंय की माणसाला हक्क निर्मात्यानं दिले. म्हणजे ख्रिस्ती राष्ट्र. विषय संपला.

कोर्टनाका

विषय आत्ता कुठे सुरू होतोय. मी ठाण्याच्या कोर्टात बरीच वर्षं वकिली केली, हल्ली मुलांना घटनेचा कायदा शिकवते. सवयीनं आधी कागद वेगळे करते.

कागद दोन आहेत. ४ जुलै १७७६चा जाहीरनामा ही इंग्लंडच्या राजाला दिलेली नोटीस. तुझं-माझं नातं संपलं आणि ते का संपलं, एवढंच तिचं काम. आता राजाविरुद्ध तक्रार करायची तर राजाच्या वरचा कुणीतरी लागतो. म्हणून तिथे निर्माता येतो. मसुदा लिहिणाऱ्या जेफरसननं येशूचं नाव घातलेलं नाही, हेही बघून ठेवा. दुसरा कागद १७८७ची राज्यघटना. कर कोण बसवणार, सैन्य कुणाच्या हुकमात, कायदा कोण करणार, हा सगळा कारभार त्यात आहे. तिथे तारखेच्या ओळीतला रिवाजी 'प्रभूचं वर्ष' सोडला तर देव नाही. उलट सहाव्या कलमात साफ लिहिलंय की केंद्र सरकारच्या कुठल्याही पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही. राष्ट्राध्यक्षाची शपथ घटनेत शब्दशः दिली आहे, तिच्यातही देव नाही. शेवटी जो देवाचा उल्लेख ऐकू येतो तो रिवाजाचा.

फिलाडेल्फियात घटना लिहिताना एक गंमत झाली. लहान राज्यं आणि मोठी राज्यं प्रतिनिधित्वावरून इतकी हमरीतुमरीवर आली की बैठक मोडायची वेळ आली. २८ जून १७८७ला एक्याऐंशी वर्षांचे बेंजामिन फ्रँकलिन उठले आणि म्हणाले, रोज सकाळी पाद्री बोलावून प्रार्थनेनं सुरुवात करू या. सभेनं काय करावं? कुणी म्हणालं, आता मधूनच प्रार्थना सुरू केली तर बाहेर लोकांना वाटेल आत काहीतरी बिनसलंय. नॉर्थ कॅरोलिनाच्या विल्यमसननं तर सरळ सांगितलं, पाद्र्याला द्यायला पैसे नाहीत! ठराव मताला न टाकताच सभा उठली. फ्रँकलिननं आपल्या कागदावर नोंद केली की तीन-चार जण सोडले तर कुणालाच प्रार्थनेची गरज वाटली नाही. काका, तुमच्या बँकवाल्या मित्रांना हा किस्सा जरूर ऐकवा. पण अर्धवट नको. १७८९ला पहिली काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, भरली तेव्हा तिनं पगारी पाद्री नेमले, हेही सांगा. ही माणसं नास्तिक नव्हती.

मग देवाला कारभाराबाहेर का ठेवलं? त्याचं उत्तर व्हर्जिनियात आहे. तिथे इंग्लंडचं अँग्लिकन चर्च सरकारी होतं आणि परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून बॅप्टिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या प्रचारकांना तुरुंगात टाकत. जानेवारी १७७४मध्ये बावीस वर्षांचा जेम्स मॅडिसन, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, मित्राला लिहितो की शेजारच्या तालुक्यात पाच-सहा सज्जन केवळ आपली धर्ममतं जाहीरपणे मांडल्याबद्दल गजाआड आहेत, आणि यावर भांडून भांडून मी थकलो. पुढे स्वातंत्र्य मिळाल्यावर १७८४ला पॅट्रिक हेन्रीनं विधेयक आणलं. ख्रिस्ती धर्म शिकवणाऱ्यांसाठी सर्वांनी कर द्यायचा, आपला पैसा कुठल्या पंथाला जावा ते ज्यानं त्यानं ठरवायचं. किती समंजस वाटतं ना? मॅडिसननं १७८५ला त्याविरुद्ध निवेदन लिहिलं. त्यातला मुद्दा असा की जे सरकार नागरिकाकडून एका पंथासाठी अवघे तीन पेन्स जबरदस्तीनं घेऊ शकतं, ते उद्या त्याला सगळ्याच बाबतीत दुसऱ्या कुठल्याही पंथापुढे वाकवू शकतं.

सोसायटीत राहणाऱ्याला हे लगेच कळावं. उत्सवाची वर्गणी दारावर येऊन मागितली तर आपण हसत देतो, मेंटेनन्सच्या बिलात छापून आली की टाळकं सरकतं, मग ती शंभर रुपये का असेना.

हेन्रीचं विधेयक बारगळलं आणि जानेवारी १७८६ला जेफरसननं लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा व्हर्जिनियानं मंजूर केला. जेफरसनला त्याचा एवढा अभिमान की थडग्यावर कोरायच्या तीन गोष्टींत त्यानं हा कायदा घातला, राष्ट्राध्यक्षपद घातलं नाही. आणि या लढ्यात बॅप्टिस्टांच्या सह्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे आले होते. म्हणजे सरकारानं धर्मापासून दूर राहावं हे मागणारे लोक चांगले भाविक होते. त्यांनी सरकारी श्रद्धा अंगावर झेलली होती.

१७९१ची पहिली घटनादुरुस्ती याच वाटेनं आली. काँग्रेस कुठलाही धर्म सरकारी करणार नाही आणि कुणाला त्याचा धर्म पाळण्यापासून अडवणार नाही. पण ती फक्त केंद्राला लागू होती, राज्यांना नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठीचा कर १८३३पर्यंत चालला.

आता युनियनवाल्या काकांचा मुद्दा. जेफरसननं आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगली, त्यातली मोजकीच सोडली. जाहीरनाम्याच्या मसुद्यात त्यानं गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा उतारा लिहिला होता. साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाला तो नको होता, तो उडाला. घटनेत तर रीतसर सौदा आहे. प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांची तीन पंचमांश गणती करायची, म्हणजे ज्यांना मत नाही त्यांच्या डोक्यावर मालकांच्या राज्यांना जास्त जागा. गुलामांच्या आयातीवर १८०८पर्यंत बंदी घालायची नाही. पळून गेलेला गुलाम मालकाला परत करायचा.

माझं मत विचाराल तर श्रद्धेच्या बाबतीत उदार होणं त्यांना परवडणारं होतं. पंथ इतके होते की प्रत्येकाला दुसऱ्याची धास्ती, त्यामुळे कुणालाच सरकारी गादी नको यावर सगळ्यांचं जमलं. समतेत तंबाखू आणि तांदळाचा पैसा अडकला होता. तिथे तत्त्वाची आणि संघराज्याची गाठ पडली आणि त्यांनी संघराज्य वाचवलं. तेही जाणून-बुजून.

चरईकर

ताई, उपकार झाले. पण नातवाची प्रतिज्ञा आणि नोटेवरचं वाक्य राहिलं की.

कोर्टनाका

दोन्ही नंतरचं. प्रतिज्ञा १८९२ची, लिहिणारा फ्रान्सिस बेलामी स्वतः बॅप्टिस्ट धर्मोपदेशक, आणि त्यानं देव घातला नव्हता. तो १९५४ला घातला. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरचा काळ, रशियाशी शीतयुद्ध, नास्तिक कम्युनिस्टांपेक्षा आम्ही निराळे हे दाखवायची हौस. नाण्यावरचं 'देवावर आमचा भरवसा' यादवी युद्ध चालू असताना १८६४ला दोन सेंटच्या नाण्यावर आलं, राष्ट्रीय ब्रीद म्हणून १९५६ला मंजूर झालं आणि नोटेवर त्याच्या पुढच्या वर्षी.

आणि एक. नातवाला ती प्रतिज्ञा म्हणायची नसेल तर शाळा सक्ती करू शकत नाही. हा निकाल १९४३चा, ऐन महायुद्धातला. यहोवाज विटनेस पंथाच्या मुलांनी झेंड्याला वंदन करायला नकार दिला होता, त्यावरून. अर्थात मुलाला आवडत असेल तर म्हणू दे. त्याच्या आईला उगाच फोन करून डोकं खाऊ नका.

टेंभीनाका

चरईकर, तुम्ही तर शेजारी. सिव्हिल हॉस्पिटलसमोर आमचं सिनेगॉग आहे, १८७९चं, तुम्ही शंभरदा बघितलं असेल. मी बेने इस्रायल, म्हणजे इथलाच मराठी ज्यू. घरात मराठीच, शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थना हिब्रूत. आमचे बरेच नातेवाईक इस्रायलला गेले, आम्ही ठाण्यातच राहिलो.

तुमच्या भाषणासाठी एक पत्र सुचवतो. ऑगस्ट १७९०मध्ये पहिले राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन र्‍होड आयलंडातल्या न्यूपोर्टला गेले. तिथल्या ज्यू मंडळींच्या वतीनं मोझेस सेशसनं त्यांना मानपत्र दिलं. वॉशिंग्टननी उत्तर लिहिलं आणि त्यात दोन गोष्टी आल्या. हे सरकार धर्मांधतेला मान्यता देत नाही आणि छळाला साथ देत नाही. हे शब्द मूळचे सेशसच्या मानपत्रातले, राष्ट्राध्यक्षानं ते उचलून आपल्या सहीनिशी परत केले. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. ते म्हणतात, एका वर्गानं दुसऱ्यावर मेहेरबानी म्हणून सहन करायचे दिवस गेले, हा प्रत्येकाचा उपजत हक्क आहे. ठाण्यात आम्हाला कधी कुणी त्रास दिला नाही, लोक अभिमानानं तसं सांगतात आणि ते खरंही आहे. पण "आम्ही तुम्हाला सांभाळून घेतलं" असं कुणी पाठीवर हात ठेवून म्हणालं की मला ते पत्र आठवतं.

ऐरोलीकर

टेंभीनाका दादा, पत्र भारी. पण त्याच वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननला १७९९ला तीनशे सतरा गुलाम होते. त्यातले एकशे तेवीस त्यांच्या मालकीचे, त्यांना सोडण्याची तजवीज मृत्युपत्रात केली. तेही बायकोच्या पश्चात!

तरी थोतांड म्हणणाऱ्या काकांशी माझं पटत नाही. थोतांड असतं तर ज्यांना वगळलं त्यांनी तो कागद हातात का घेतला असता? १८४८ला सेनेका फॉल्सच्या सभेत बायकांनी तोच जाहीरनामा समोर ठेवला आणि 'सगळे पुरुष' होतं तिथे 'सगळे पुरुष आणि स्त्रिया' घालून राजाऐवजी पुरुषांच्या नावानं तक्रारी लिहिल्या. गुलामीतून पळून आलेला फ्रेडरिक डग्लस ५ जुलै १८५२ला रॉचेस्टरमध्ये उभा राहिला आणि विचारलं, तुमचा हा सण गुलामाचा कोण लागतो? पाद्र्यांनाही सोलून काढलं त्यानं. पण त्याच भाषणात तो घटनेला स्वातंत्र्याचा दस्तऐवज म्हणतो. मग यादवी युद्धात सहा लाखांहून जास्त माणसं मेल्यावर गुलामी संपवणारी तेरावी दुरुस्ती १८६५ला, कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी १८६८ला.

आणि मराठी माणसासमोर बोलताय तर जोतीराव विसरू नका. 'गुलामगिरी' १८७३चं. ते पुस्तक त्यांनी अर्पण केलंय अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना, ज्यांनी काळ्यांची गुलामी संपवायला निरपेक्षपणे खस्ता खाल्ल्या. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवून शूद्रांना सोडवावं अशी आशाही तिथेच आहे. चौदाव्या दुरुस्तीला पाच वर्षं झाली होती फक्त. पुण्यात बसून एवढ्या ताज्या घडामोडीवर हा माणूस नजर ठेवून होता, आणि त्यानं जेफरसनला नाही, गुलामी मोडणाऱ्यांना पुस्तक वाहिलं.

घोडबंदर_रोड

ठीक आहे, ख्रिस्ती राष्ट्र हे मी जरा जोरात बोललो असेन, पण निर्माता जाहीरनाम्यात आहेच ना? आणि आपल्या घटना समितीनं तरी देवाला का वगळलं? आपण तर अमेरिकेपेक्षा जास्त भाविक.

कोर्टनाका

निर्माता आहेच, नाही कोण म्हणतंय? तो हक्क देतो, खुर्ची चालवत नाही.

आपल्याकडे तर यावर चक्क मतदान झालं. १७ ऑक्टोबर १९४९, उद्देशिकेची चर्चा. ह. वि. कामतांनी दुरुस्ती मांडली की सुरुवात 'ईश्वराच्या नावे' अशी करा. राजेंद्रबाबूंनी विनवलं, असल्या गोष्टीवर मतं नका घेऊ. कामत हटले नाहीत. बाजूनं ४१, विरुद्ध ६८. विरोध करणाऱ्यांत भरपूर देवभक्त होते. त्रावणकोरचे थानू पिल्ले म्हणाले की मी स्वतः श्रद्धावान आहे, पण हे घातलं तर श्रद्धेची सक्ती होईल. व्हर्जिनियातले बॅप्टिस्ट आठवले की नाही? उद्देशिकेत श्रद्धा आणि उपासनेचं स्वातंत्र्य राहिलं, आणि शपथेला दोन पर्याय, ईश्वरसाक्ष किंवा गांभीर्यपूर्वक. आमदार आजही आपापल्या मनानं निवडतात.

समतेचं म्हणाल तर बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते, कागदावरची समता आणि रस्त्यावरची समता यांतलं अंतर त्यांनी दोन्ही देशांत पाहिलं होतं. २५ नोव्हेंबर १९४९ला त्यांनी समितीला बजावलं की राजकारणात समता आणि समाजात विषमता असं विसंगतीचं आयुष्य आपण सुरू करतोय. फिलाडेल्फियात समारोपाला असं कुणी बोललं नाही.

चरईकर काका, वीस मिनिटांत हे सगळं मावणार नाही. फ्रँकलिन, तीन पेन्स आणि जोतीराव ठेवा, आणि तीन पंचमांशाचा हिशेब फळ्यावर लिहूनच दाखवा. नुसता बोललात तर मागच्या रांगेला कळत नाही.