आधी मार्कर, मग कट. माझं ठाम मत आहे, तुमचं काय?

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, प्रीमियर प्रोवर. तीन कॅमेरे, हळदीपासून पाठवणीपर्यंत सात-आठ तासांचं फुटेज. पहिल्या दिवशी मी एकही कट मारत नाही, नुसतं बघत जातो आणि एम दाबून मार्कर, म्हणजे त्या क्षणावर रंगीत खूण, लावत जातो, दोनदा दाबलं की नाव लिहायची खिडकी उघडते. हिरवा म्हणजे घ्यायचंच, लाल म्हणजे आवाज फाटलाय, पिवळा म्हणजे घरच्यांना विचारायचं. मागच्या लग्नात अंतरपाट खाली आला तेव्हा दोन नंबरच्या कॅमेऱ्यात मुलीचे बाबा डोळे पुसताना दिसले, जेमतेम दोन सेकंद. मार्कर नसता तर ते मला परत सापडलंच नसतं.

प्रतिसाद १
अजिबात पटलं नाही. आवडलेला शॉट तिथल्या तिथे उचलून सिलेक्ट्सच्या, म्हणजे निवडलेल्या शॉट्सच्या, वेगळ्या सिक्वेन्समध्ये (ओळीने लावलेल्या क्लिपमध्ये) टाका ना, मार्कर लावून निर्णय उद्यावर कशाला ढकलायचा? मी पण लावायचो, दीडशे-दोनशे व्हायचे आणि कुठला कशासाठी लावलाय तेच कळायचं नाही. शिवाय एकदा मधला तुकडा रिपल डिलीट केला, म्हणजे काढून मोकळी जागाही बंद केली, क्लिप सरकल्या, मार्कर जागेवरच. घरच्यांचं करेक्शन भलत्याच शॉटवर करून बसलो, अख्खी रात्र गेली.

धागाकर्ता
रिपलचं दुखणं खरंय, पण त्याला इलाज आहे. मार्कर्स मेनूत रिपल सिक्वेन्स मार्कर्स चालू करा, मग तेही सरकतात. आणि शॉटबद्दलची नोंद असेल तर क्लिप सिलेक्ट करून एम दाबा, मार्कर क्लिपलाच चिकटतो, ती जाईल तिथे जातो. दोनशे मार्कर पडले तर रंगांचा नियम पाळला नाही असं मी म्हणेन. रंग आठ आहेत, मी तीनच वापरतो.

प्रतिसाद २
मी फायनल कट या दुसऱ्या सॉफ्टवेअरवाली, तिथे मार्कर मुळातच क्लिपवर बसतो त्यामुळे हे भांडणच नाही. टू-डू मार्कर लाल असतो, काम झालं की टिक करायचं, हिरवा होतो. मुलाखतींचे लांब व्हिडिओ करते, यूट्यूबच्या चॅप्टरच्या, म्हणजे व्हिडिओच्या भागांच्या, सुरुवातीच्या वेळाही मार्करवरूनच लिहिते. पहिली ०:०० लागते, किमान तीन लागतात आणि प्रत्येक चॅप्टर निदान १० सेकंदांचा. हे शेवटी आठवून करायला गेलं की चुकतंच.

प्रतिसाद १
चॅप्टरसाठी मान्य. करेक्शनसाठीही मान्य, कारण तिथे कट आधीच लागलेला असतो. पण शॉट निवडताना नाही म्हणजे नाही. सिलेक्ट्सची सिक्वेन्स लावली की वीस मिनिटांत कळतं गोष्ट उभी राहतेय की नाही, मार्करच्या ठिपक्यांवरून ते कधीच कळत नाही.

धागाकर्ता
ते बाबा मात्र तुमच्या सिलेक्ट्समध्ये आले नसते. पहिल्यांदा बघताना मी तो शॉट घेणार नव्हतो, पिवळा लावून पुढे गेलो होतो. दुसऱ्या दिवशी मुलीच्या आईला दाखवला आणि मग तो हिरवा केला.