छोट्या गावातला व्हिक्टोरियन वास्तुविशारद: विल्यम क्रिचलो हॅरिस यांची कारकीर्द कशी समजून घ्यावी?

वास्तुवाचक यांचा प्रश्न

नमस्कार. कॅनडाच्या एकोणिसाव्या शतकातील वास्तुकलेविषयी जे काही वाचायला मिळते, त्यातील बहुतेक चर्चा ओटावाच्या संसद-इमारती आणि माँट्रियल-टोरांटोच्या मोठ्या कार्यालयांपाशीच थांबते. मला मात्र लहान गावात राहून आयुष्यभर व्यवसाय केलेल्या वास्तुविशारदाचे आयुष्य समजून घ्यायचे आहे आणि त्यासाठी मी प्रिन्स एडवर्ड आयलंडवरील शार्लटटाउनचे विल्यम क्रिचलो हॅरिस (1854–1913) यांचा अभ्यास सुरू केला आहे. त्यांचा जन्म इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ झाला, 1856 मध्ये कुटुंब बेटावर आले आणि तरुणपणी त्यांनी शेजारच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातील हॅलिफॅक्सला डेव्हिड स्टर्लिंग या वास्तुविशारदाकडे उमेदवारी केली. प्रसिद्ध चित्रकार रॉबर्ट हॅरिस हे त्यांचे थोरले बंधू.

माझ्या मनात मुख्यतः तीन शंका आहेत. जेमतेम अकरा हजार वस्तीच्या गावात वास्तुविशारदाचा चरितार्थ चालत तरी कसा असेल? त्यांच्या कामात लाकडी चर्चे इतकी का, आणि दगडाची कामे इतकी मोजकी का? आणि भाऊ देशभर गाजत असताना हे मात्र किनाऱ्यावरच्या प्रांतांपुरते राहिले, याला अपयश म्हणावे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

कोनशिला यांचे उत्तर

पहिल्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्ही शंका तिच्यातूनच सुटतात.

हॅरिस उमेदवारी करत होते त्या काळी कॅनडात वास्तुकलेचे औपचारिक शिक्षण उपलब्धच नव्हते. टोरांटोला असा अभ्यासक्रम 1890 मध्ये सुरू झाला, मॅकगिल विद्यापीठात 1896 मध्ये. ऑंटारियोच्या वास्तुविशारदांची संघटनासुद्धा 1889 ची. त्यामुळे एखाद्या अनुभवी माणसाच्या कार्यालयात बसून नकाशे गिरवणे, मापे घेणे, बांधकामावर उभे राहणे, हीच शाळा होती. स्टर्लिंग मूळचे स्कॉटलंडचे होते आणि अटलांटिक किनाऱ्यावर त्यांचा जम बसलेला होता. पुढे शार्लटटाउनमध्ये गुरू आणि शिष्य भागीदार झाले. नवख्या माणसाला गावात विश्वास मिळवून द्यायला गुरूचे नाव पाटीवर असणे किती मोलाचे असते, हे लहान गावात व्यवसाय केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

1877 मध्ये बांधलेला ‘बीकन्सफील्ड’ हा त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी सर्वांत प्रसिद्ध बंगला. बंदराकडे तोंड केलेली ही वास्तू जेम्स पीक या जहाजांच्या व्यापाऱ्यासाठी उभी राहिली. छपराच्या माथ्यावर टेहळणीची छोटी काचेची खोली, कडेने लाकडी नक्षीची झालर, आत गॅसचे दिवे आणि नळाचे पाणी, असा तिचा थाट होता. त्यानंतर पाच-सहा वर्षांतच पीक कर्जबाजारी झाले आणि घर त्यांच्या हातून गेले. ही घटना एका कुटुंबापुरती घेऊ नये. बेटाची संपत्ती लाकडी जहाजे बांधून विकण्यावर उभी होती, आणि लोखंडी आगबोटींपुढे तो धंदा 1870 च्या दशकाच्या उत्तरार्धात कोसळू लागला. म्हणजे ज्या वर्गाने तरुण वास्तुविशारदाला बंगल्यांची कामे द्यायची, तोच वर्ग त्याच्या डोळ्यांदेखत ओसरत गेला.

त्याआधी रेल्वे बांधताना झालेल्या कर्जामुळे बेटाला 1873 मध्ये कॅनडाच्या संघराज्यात सामील व्हावे लागले होते. त्या करारात आठ लाख डॉलरची तरतूद होती, ती दूर इंग्लंडमध्ये बसलेल्या जमीनदारांच्या जमिनी विकत घेण्यासाठी. 1767 मध्ये बेटाचे 67 भाग करून ते चिठ्ठ्या टाकून वाटले गेले होते आणि पुढे शंभर वर्षे शेतकरी कुळ म्हणूनच राबत राहिला. जमीनदारांना जमिनी विकायला लावणाऱ्या 1875 च्या कायद्यानंतर तो हळूहळू जमिनीचा मालक होऊ लागला. माझ्या मते हॅरिस यांच्या कारकिर्दीचे मर्म इथे आहे. व्यापाऱ्यांचा पैसा आटत असताना खेड्यापाड्यांतील शेतकरी मंडळी स्वतःच्या हक्काच्या जमिनीवर स्थिरावत होती, आणि अशा मंडळींनी एकत्र येऊन बांधायची पहिली मोठी वास्तू म्हणजे चर्च.

हॅरिस यांनी मध्यंतरी बेट सोडूनही पाहिले. पॅसिफिक रेल्वेच्या बांधणीमुळे पश्चिमेकडच्या विनिपेगला 1881-82 मध्ये जमिनींच्या भावांची लाट आली, तेव्हा तेही तिकडे गेले. लाट ओसरली आणि ते परतले. पुढे मात्र त्यांनी एक गोष्ट अतिशय निष्ठेने केली: अँग्लिकन, रोमन कॅथलिक, मेथडिस्ट असा भेद न करता ज्यांनी बोलावले त्यांचे काम त्यांनी तितक्याच मनापासून केले. मोठ्या शहरात एखादे कार्यालय एकाच पंथाच्या कामांवर चालू शकते, इथे ते शक्य नव्हते. त्यातच वास्तुविशारदाचे शुल्क त्या काळच्या रिवाजाप्रमाणे साधारणतः खर्चाच्या पाच टक्के असे. समजा चार हजार डॉलरचे खेड्यातले चर्च असेल, तर नकाशे, तपशील आणि देखरेख मिळून 200 डॉलर. हिवाळ्यात बेट आणि मुख्य भूमी यांमधली सामुद्रधुनी गोठली की टपाल आणि प्रवासी बर्फातून ओढत नेलेल्या होड्यांमधून यायचे, त्यामुळे बांधकामाचा हंगामही आखूडच. तरीही त्यांनी बेटावर आणि नोव्हा स्कोशियात चर्चांमागून चर्चे उभारली. अशा अर्थव्यवस्थेत ही उत्पादकता मला थक्क करते.

तंबोरा यांचे उत्तर

कोनशिला यांनी पैशाची बाजू उत्तम मांडली आहे. मी लाकडाविषयी लिहितो, कारण हॅरिस यांचे खरे मोठेपण मला तिथे दिसते.

बेटावर बांधकामाचा चांगला दगड कमी. तिथला वालुकाश्म लोहामुळे गडद तांबडा दिसतो, डोळ्यांना विलक्षण सुंदर, पण मऊ. 1840 च्या दशकात शार्लटटाउनची विधानमंडळाची इमारत, प्रोव्हिन्स हाउस, बांधताना तिचा दगड नोव्हा स्कोशियातून आणावा लागला होता. उलट लाकूड आणि कुशल सुतार मुबलक. म्हणून खेड्यातील चर्च लाकडाचेच होणार, हे आधीच ठरलेले असे.

गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या चर्चांची शैली, जन्मतः दगडाची. टोकदार कमानी, फासळ्यांचे छत, भिंतींना टेकू देणारे धिरे, या सगळ्यामागे दगडाचे वजन जमिनीपर्यंत पोहोचवण्याची गरज आहे. लाकडात ती गरजच उरत नाही, म्हणून पुष्कळ लाकडी गॉथिक चर्चे वरवरची वाटतात: खिडक्या तेवढ्या टोकदार आणि आत साधी सपाट तक्तपोशी. हॅरिस यांनी असे केले नाही. त्यांनी आतल्या छताला खऱ्या फासळ्या दिल्या, फासळ्यांच्या मधल्या जागा एकमेकींत अडकवलेल्या अरुंद फळ्यांनी भरल्या आणि अल्ताराकडचा, म्हणजे पूजावेदीकडचा, भाग फ्रेंच पद्धतीने अर्धवर्तुळाकार केला. या छतावर बाहेरच्या छपराचा भार नसतो. पाऊस आणि बर्फ वरचे उतरते छप्पर पेलते, खालची ही लाकडी कमान केवळ एक पातळ, ताठ पापुद्रा असतो, आणि दोहोंमध्ये हवेची पोकळी राहते.

याचा परिणाम आवाजावर होतो. दगडी घुमटाखाली सूर बराच वेळ रेंगाळतो, एक स्वर विरण्याआधी दुसरा त्यावर येतो आणि शब्द पुसट होतात. पातळ लाकडाचा पापुद्रा खर्जातील घुमारा काही अंशी शोषून घेतो आणि वरचे स्वर स्वच्छ परतवतो. हे छत पाहून मला तंबोऱ्याची तबली आठवते. हॅरिस चर्चमध्ये संगीत कसे ऐकू येईल याचा विचार आराखड्यापासूनच करत. इंडियन रिव्हर या लहानशा वस्तीतील सेंट मेरीज चर्च (1902) हे त्याचे सर्वोत्तम उदाहरण. पुढे तिथे दर उन्हाळ्यात संगीत महोत्सव भरू लागला आणि दूरदूरचे कलावंत त्या लाकडी छताखाली गायला-वाजवायला येऊ लागले. शेतांच्या मधोमध उभ्या असलेल्या, तिथल्या शेतकऱ्यांसाठी बांधलेल्या वास्तूला हा मान मिळाला, ही गोष्ट मला मनापासून भावते.

एक पुरवणी जोडतो. असे छत घडवायला वक्र लाकूडकाम येणारा सुतार लागतो. जहाजांच्या फासळ्या घडवण्यात ज्या किनाऱ्याच्या पिढ्या गेल्या, तिथे असे हात मिळणे अवघड नव्हते. धंदा बुडाला तरी हातातले कसब बुडत नाही, आणि हॅरिस यांच्या छतांमध्ये ते टिकून राहिले, असे माझे मत आहे.

पूर्वकिनारा यांचे उत्तर

मी अनेक वर्षे नोव्हा स्कोशियात राहतो. तिसऱ्या शंकेविषयी, म्हणजे यशापयशाविषयी, थोडे वेगळे मत नोंदवतो.

हॅरिस यांना बेटाबाहेर मान मिळाला नाही, हे बरोबर नाही. माहोन बे येथे पाण्याच्या काठाने तीन चर्चे शेजारी-शेजारी उभी आहेत, आणि नोव्हा स्कोशियाच्या पर्यटनचित्रांत ती हमखास असतात. त्यांपैकी सेंट जेम्स हे अँग्लिकन चर्च (1887) हॅरिस यांचे आहे. शतकाच्या अखेरीस त्यांनी हॅलिफॅक्समध्येही भागीदारीत कार्यालय थाटले. मात्र ज्या कामाने त्यांचे नाव देशभर झाले असते, ते हॅलिफॅक्सचे ऑल सेंट्स कॅथेड्रल त्यांना मिळाले नाही. त्यांनी आराखडे केले होते, परंतु अखेर काम अमेरिकेतील क्रॅम, गुडह्यू अँड फर्ग्युसन या विख्यात संस्थेकडे गेले, आणि 1910 मध्ये ते कॅथेड्रल खुले झाले. माझ्या दृष्टीने इथे एका माणसाच्या गुणवत्तेचा निवाडा झालेला नाही. 1900 नंतर मोठ्या संस्थांना दूरच्या, नावाजलेल्या कार्यालयाची मोहर हवीशी वाटू लागली होती. किनाऱ्यावरचा माणूस, ज्याने आयुष्यभर थोड्या पैशांत चर्चे बांधली, त्याच्याकडे भव्य काम सोपवायला विश्वस्त मंडळे कचरत असत. कमी खर्चात उत्तम काम करणाऱ्याला लोक छोट्या कामांचाच माणूस समजतात. हा अन्याय आहे आणि तो स्पष्टपणे अन्याय म्हणूनच लिहिला जावा, असे मला वाटते.

भावाशी तुलना तर मुळातच जुळत नाही. रॉबर्ट यांना कॅनडाच्या संघराज्याचा पाया घालणाऱ्या 1864 च्या परिषदांचे, म्हणजे त्या संघराज्याच्या शिल्पकारांचे चित्र काढण्याचे सरकारी काम 1883 मध्ये मिळाले आणि त्याच्या प्रतिकृती घरोघरी पोहोचल्या. ते मूळ चित्र 1916 च्या संसदेच्या आगीत जळाले, तरी प्रसिद्धी टिकली. इमारतीची प्रतिकृती अशी घरोघरी जात नाही. तिच्यापर्यंत माणसालाच जावे लागते, आणि इंडियन रिव्हर वाटेवर लागत नाही.

वास्तुवाचक

तिघांचे मनःपूर्वक आभार. जमीनसुधारणा आणि चर्चबांधणी यांचा संबंध माझ्या वाचनात अजिबात आला नव्हता. एक विचारायचे राहिले. दोघा भावांनी एकत्र केलेल्या ऑल सोल्स चॅपलविषयी कोणीच लिहिले नाही. ते तर दगडाचे आहे. मग ते हॅरिस यांच्या कामात अपवाद समजायचे का?

कोनशिला

अपवाद समजू नये, असे मी म्हणेन. शार्लटटाउनच्या सेंट पीटर्स कॅथेड्रलचे पहिले धर्मगुरू जॉर्ज हॉजसन 1885 मध्ये वारले. त्यांच्या स्मरणार्थ 1888-89 मध्ये हे प्रार्थनामंदिर बांधले गेले. बाहेरून बेटाचाच तांबडा वालुकाश्म, आतून मात्र गडद लाकूडकाम, आणि भिंतींवर रॉबर्ट यांनी रंगवलेली चित्रे, ज्यांत ओळखीच्या माणसांचे चेहरे संत-महंतांच्या रूपात आले आहेत. आकार अगदी लहान. डोळ्यांना अंधाराची सवय झाल्यावरच चित्रे एकेक करून दिसू लागतील, इतका मंद उजेड आत ठेवलेला आहे. 1888 मध्येच मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस पूर्ण झाले. दोन्हींचे कूळ व्हिक्टोरियन गॉथिकच, पण तिकडे रेल्वे कंपनीचे भांडवल आणि इकडे एका गावाच्या शोकातून उभे राहिलेले स्मारक. 1990 मध्ये कॅनडाने या प्रार्थनामंदिराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून मान्यता दिली.

अभ्यासासाठी एक सुचवतो. बेटावरील ट्रायनचे मेथडिस्ट चर्च (1881), मग माहोन बे (1887), ऑल सोल्स (1888), शार्लटटाउनचे दगडी सेंट पॉल्स (1896) आणि शेवटी इंडियन रिव्हर (1902), या क्रमाने छायाचित्रे समोर ठेवा आणि फक्त अल्ताराकडची बाजू व छत पाहत जा. सुरुवातीला बाह्यांगाचा नटवेपणा, कळस आणि झालरी यांवर भर आहे. पुढे तो कमी होत जातो आणि सगळे लक्ष आतल्या अवकाशाकडे वळते. सेंट पॉल्स दगडाचे आणि इंडियन रिव्हर लाकडाचे असूनही आतला विचार एकच आहे, हे तुम्हाला लगेच जाणवेल. छेदचित्रे, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणारे नकाशे, मिळाली तर बाहेरचे छप्पर आणि आतली कमान यांमधील अंतर अवश्य मोजा. तंबोरा यांनी सांगितलेली पोकळी तिथे कागदावर दिसते.