देवराईतले वठलेले बेहडे काढावेत का? मोठ्या काळ्या सुतार पक्ष्याबद्दल विचारायचंय

पाटणकर
पाटण तालुक्यात, कोयनेच्या अंगाला आमची देवराई आहे. तिथले दोन जुने बेहडे उभ्याउभ्या वठलेत. एकाला तीसेक फुटांवर भोक आहे. समितीतले काही जण म्हणतात, झाडं काढू आणि जांभूळ-फणसाची रोपं लावू. सुताराच्या दृष्टीने या झाडांची भरपाई त्याने होईल का? आणि भोक घरट्याचं आहे हे कसं ओळखायचं?

सह्यवेडा
दादा, काढू देऊ नका. रोपं लावा, पण मोकळ्या जागेत.
मोठा काळा सुतार चोचीपासून शेपटीपर्यंत जवळपास ४८ सेंमी, म्हणजे कावळ्याहून मोठा. ढोलीत अंडी, पिल्लं, मोठा पक्षी सगळं मावायला हवं, म्हणून बुंधा खाली नव्हे, भोकाच्या उंचीवर जाड लागतो. शिवाय आतला गाभा बुरशीने मऊ झालेला आणि बाहेरचं कवच टणक, असं जुळून यायला झाड म्हातारंच व्हावं लागतं. निलगिरी, सिल्व्हर ओक त्याआधीच तोडले जातात. खाणंही तिथलंच: मुंग्या, भुंगेऱ्यांच्या अळ्या. तेव्हा पडलेले ओंडकेही सरपणाला नेऊ नका.
जगाच्या हिशेबात ही जात धोक्यात नाही, पण जुनं जंगल गेलं की त्या भागातून ती जाते. जपानच्या त्सुशिमा बेटावरून ती १९२०च्या सुमारास संपली. दक्षिण कोरियातूनही गेली.

चांदोली_पक्षी
ओळखायचं असं: किडे काढायच्या खाचा ओबडधोबड, लांबट असतात. घरट्याचं तोंड कडा साफ केलेलं, आत खोल जाणारं. झाडाखाली ताजा भुसा आणि ढलप्या दिसल्या तर कोरणं चालू आहे. जानेवारी ते मे लांबूनच दुर्बिणीने बघा. खोडावर ठोकू नका, मोबाइलवर सुताराचा आवाज तर अजिबात वाजवू नका. नर असेल तर माथा पूर्ण लाल, गालावरही लाल पट्टा. मादीचा लाल रंग फक्त डोक्याच्या मागच्या बाजूला.
सुताराने सोडलेल्या ढोलीत घुबडं, मैना, उडत्या खारी येतात. त्यांना स्वतः कोरता येत नाही.

पाटणकर
एक बेहडा देवळाच्या वाटेवर आहे. कोसळला तर?

सह्यवेडा
मग फांद्या तेवढ्या उतरवा आणि खोड वीस फूट तरी उभं ठेवा. भोक असलेलंच झाड ते असेल तर खोड तसंच ठेवून वाटच वळवा. जमीन वनखात्याची असेल तर आधी परवानगी.
वणवा विसरू नका. वाळका बुंधा पेटला की आतून धुमसत राहतो आणि काही दिवसांनी कोसळतो. फेब्रुवारीआधी बुंध्याभोवती दहा फुटांतला पालापाचोळा बाजूला करा. राईच्या कडेने जाळरेषा काढा, म्हणजे वणवा अडवायला आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा. त्या रेषेचा जाळ मात्र दुपारी, वाऱ्यात कधीच लावायचा नाही.